घडवायचे आणि धाडायचे : टाटा फुटबॉल अकादमीची वाटचाल

आपल्याकडे फुटबॉल संस्थांचा इतिहास बहुधा चषकांच्या यादीने सुरू होतो. ड्युरँड कोणत्या साली जिंकला, रोव्हर्स किती वेळा घरी आणला, संतोष ट्रॉफीच्या संघात कितीजण निवडले गेले, अशी ती मांडणी असते. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीचा इतिहास या साच्यात बसत नाही. १९८७ साली सुरू झालेल्या या संस्थेपुढे चषकांचे कपाट भरण्याचे उद्दिष्ट कधी नव्हतेच. कोणत्याही क्लबने अजून ज्याच्याकडे पाहिलेले नाही असा शाळकरी मुलगा शोधायचा, त्याला वसतिगृहात ठेवून चार वर्षे शिकवायचे आणि तो तयार झाला की दुसऱ्याच्या संघात पाठवायचे, हे तिचे काम. तीस वर्षे अकादमीजवळ स्वतःचा व्यावसायिक संघ नव्हता. येथे घडलेला प्रत्येक मुलगा कोलकाता, गोवा, पंजाब किंवा केरळच्या जर्सीत खेळायला जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

म्हणून या संस्थेचा इतिहास सांगायचा तर तिच्या मैदानाबाहेर पडलेल्या मुलांच्या मागे जावे लागते. त्याआधी, पोलादाच्या कारखान्याला फुटबॉलची शाळा का काढावीशी वाटली, हे पाहायला हवे.

पूर्वपीठिका

लोखंड-पोलादाचा कारखाना काढण्याची जमशेटजी टाटांची पहिली खटपट विदर्भाशी जोडलेली आहे. १८८२ साली त्यांच्या वाचनात एक भूगर्भीय अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातील, लोहारा येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असल्याचे त्यात म्हटले होते. जवळच वरोऱ्याला कोळसाही होता. पण पोलादासाठी तो उपयोगी पडला नाही. पुढे शोध पूर्वेकडे वळला आणि सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळच्या साकची गावाची जागा मुक्रर झाली. १९०७ साली कंपनी उभी राहिली, १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले आणि १९१९ मध्ये गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले.

जागा नक्की होण्याच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, जमशेटजींनी आपले पुत्र दोराबजी यांना पत्र लिहून होऊ घातलेल्या गावाची रूपरेषा कळवली होती. रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडे, बागा, सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा या गोष्टी त्यात होत्याच. त्यांच्या जोडीने फुटबॉल आणि हॉकीसाठी मोठ्या जागा राखून ठेवण्याची सूचनाही होती. कारखान्याची वीट रचली जाण्यापूर्वी मैदानाचा विचार झालेले हे गाव आहे.

दोराबजींनी तो वारसा क्रीडाक्षेत्रात पुढे नेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुले त्यांनी पाहिली आणि भारताचा संघ ऑलिंपिकला धाडण्याचा ध्यास घेतला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या संघात फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार हे धावपटू आणि रणधीर शिंदे, कुमार नवले हे मल्ल होते. गुणी पण निराधार खेळाडू हेरून त्याला मोठ्या मैदानावर पोचवण्याची टाटांची रीत अशी पुण्याच्या मातीत सुरू झालेली आहे.

फुटबॉलपुरते पाहिले तर स्वातंत्र्यानंतरची पंधरा-वीस वर्षे भारतासाठी सुबत्तेची होती. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६४ च्या आशियाई चषकात उपविजेतेपद, १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक. त्यानंतर ओहोटी लागली. १९६० नंतर भारतीय संघ ऑलिंपिकच्या मैदानावर दिसला नाही. १९८४ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळाला, पण तेथे भारताला एकही गोल करता आला नाही.

याचे एक मोठे कारण सर्वांना दिसत होते. जपान, कोरिया आणि अरब देश बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण देऊ लागले होते. आपल्याकडे मुलगा गल्लीत, शाळेत, मोहल्ल्याच्या संघात आपापल्या परीने शिकायचा आणि अठरा-वीस वर्षांचा झाला की थेट मोठ्या संघात उभा राहायचा. चुकीच्या सवयी तोवर अंगात मुरलेल्या असायच्या. संघही बहुतेक कचेऱ्यांचे. रेल्वे, बँका, बंदर, कस्टम, मुंबईत मफतलाल किंवा महिंद्र यांसारख्या कंपन्या खेळाडूला नोकरी द्यायच्या आणि तो साहेबांच्या परवानगीने सरावाला जायचा. खेळ हाच व्यवसाय ही कल्पना कोलकात्याचे मोठे क्लब सोडले तर जवळजवळ नव्हती. घडवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. तयार खेळाडू उचलायला मात्र सगळे पुढे.

स्थापना

१९८४ साली रुसी मोदी टाटा स्टीलचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. मुंबईत जन्मलेला हा पारशी गृहस्थ कामगारांत मिसळणारा आणि खेळांवर जीव असणारा होता. मुलांना लहान वयात निवासी पद्धतीने फुटबॉल शिकवणारी संस्था कंपनीने काढावी, या कल्पनेमागे त्यांचेच बळ होते. त्यातून १९८७ मध्ये टाटा फुटबॉल अकादमी उभी राहिली. केवळ फुटबॉलला वाहिलेली अशी निवासी संस्था देशात त्यापूर्वी नव्हती.

जमशेदपूर त्या वेळी बिहारमध्ये होते; झारखंड राज्य २००० साली झाले. गावाचा स्वतःचा असा मोठा क्लब नव्हता. ही उणीवच अकादमीच्या पथ्यावर पडली. कोलकात्यात अशी संस्था निघाली असती तर ती मोहन बागानची की ईस्ट बंगालची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता. गोव्यात निघाली असती तर गोव्याबाहेरच्या मुलांना ती परकी वाटली असती. जमशेदपूर कोणाच्याच बाजूचे नव्हते. शिवाय ते रेल्वेच्या हमरस्त्यावर होते. कोलकाता रेल्वेने अडीचशे किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या गाड्याही टाटानगर स्थानकावर थांबतात. त्यामुळे मणिपूर, मिझोराम, बंगाल, कर्नाटक, गोवा अशा चहू बाजूंची मुले येथे एका खोलीत राहू लागली.

पुढे १९९१ मध्ये जे. आर. डी. टाटा क्रीडा संकुल उभे राहिले आणि सरावाची मोठी सोय झाली. फुटबॉलचा अनुभव पाहून कंपनीने १९९६ मध्ये तिरंदाजीची अकादमीही काढली. दीपिका कुमारी त्याच अकादमीतून पुढे आली. फुटबॉल अकादमीने घालून दिलेला धडा असा दुसऱ्या खेळालाही उपयोगी पडला.

पहिले गुरुजन

अकादमीच्या सुदैवाने सुरुवातीच्या दहा वर्षांत तिला जी माणसे लाभली त्यांच्या तोलाची माणसे भारतीय फुटबॉलमध्ये मोजकीच होती.

पहिले संचालक चुनी गोस्वामी. १९६२ मध्ये जकार्ताला सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. आयुष्यभर एका मोहन बागानसाठीच खेळले, आणि फुटबॉल सोडल्यावर बंगालच्या रणजी संघाचेही नेतृत्व केले. असा रुबाब असलेला माणूस कोलकाता सोडून जमशेदपूरला मुलांना घडवायला आला, यानेच अकादमीची पत एका दिवसात वाढली. आईवडिलांना चौदा वर्षांच्या मुलाला दूरच्या गावी पाठवताना ज्या नावाचा भरवसा वाटावा, असे ते नाव होते.

त्यांच्यानंतर १९९१ पासून १९९७ पर्यंत प्रदीपकुमार म्हणजे पी. के. बॅनर्जी यांनी धुरा सांभाळली. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवताना भारताच्या दोन गोलांपैकी एक त्यांचा होता. प्रशिक्षक म्हणून ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही हाडवैऱ्यांना त्यांनी विजेतेपदे मिळवून दिली होती. सामन्याआधीच्या त्यांच्या जोशपूर्ण भाषणांना बंगालमध्ये ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. त्यांच्या नेमणुकीला आणखी एक पदर होता. जलपाईगुडीत जन्मलेल्या पी. के. यांचे शालेय शिक्षण जमशेदपूरलाच पुरे झाले होते आणि पंधराव्या वर्षी ते बिहारकडून संतोष ट्रॉफी खेळले होते. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या तीन बड्या क्लबांपैकी एकाकडूनही न खेळता, ईस्टर्न रेल्वेच्या संघातून, ते भारताचे कर्णधार झाले. मोठ्या क्लबचा शिक्का नसलेला मुलगा किती उंच जाऊ शकतो, हे मुलांना सांगण्याची त्यांना गरज नव्हती. ते स्वतःच त्याचे उदाहरण होते.

१९७० च्या कांस्यपदक विजेत्या संघातले हैदराबादचे महंमद हबीब हेही येथे प्रशिक्षक होते. मैदानावर तसूभरही मागे न हटणारा खेळाडू म्हणून त्यांची ख्याती होती. शिक्षकांची ही फळी पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. भारताच्या वैभवाच्या काळातले ज्ञान पुढच्या पिढीकडे जाण्याची वाट मध्येच तुटली होती. अकादमीने ती पुन्हा जोडली.

मुलगा येथे कसा घडतो

निवड चाचणीने होते. देशभरातून मुले येतात. त्यांतून जेमतेम काही डझन जणांना जागा मिळते. चेंडूवरचा ताबा, वेग, खेळाची समज यांच्याबरोबर एक अवघड गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे वय. भारतीय कुमार फुटबॉलला खोट्या वयाच्या दाखल्यांनी पोखरले आहे. सतरा वर्षांचा मुलगा चौदाचा म्हणून उतरला तर त्या दिवशी तो सर्वांत चमकतो आणि खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा खातो. तीन-चार वर्षांत त्याची वाढ थांबलेली दिसते, आणि त्याच्यावर केलेली मेहनत वाया जाते. म्हणून आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवण्याची पद्धत देशभर रूढ झाली आहे.

निवडलेल्या मुलाला ‘कॅडेट’ म्हणतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा. राहणे, जेवण, बूट-कपडे, औषधपाणी आणि शालेय शिक्षण यांची सोय संस्थाच करते. यातील शिक्षणाचा भाग बाहेरच्यांना दुय्यम वाटतो, पण व्यवहारात तो फार मोलाचा आहे. फुटबॉलमध्ये गुडघ्याची एक दुखापत सारे गणित बिघडवते. शाळा अर्धवट सोडलेला, करार न मिळालेला अठरा वर्षांचा मुलगा घरी परतला तर त्याच्या हाती काय उरते? हा प्रश्न ज्या अकादमीने आधी विचारला, तीच पालकांच्या विश्वासाला पात्र ठरते.

शिकवण्याचा क्रमही ठरलेला आहे. सुरुवातीला चेंडू थांबवणे, पास देणे, दोन्ही पायांनी मारणे ही प्राथमिक तयारी. मग जागा घेणे, बचावाची रचना, संघाची चाल. शेवटच्या टप्प्यात थोरांविरुद्ध सामने. हा शेवटचा टप्पा निर्णायक. कुमार गटात सहज गोल करणारा मुलगा धिप्पाड, अनुभवी बचावपटूसमोर आला की गोंधळतो. म्हणून अकादमीचा संघ मोठ्या स्पर्धांत नामांकित क्लबांविरुद्ध उतरत असे. तेथे पराभव ठरलेला असला तरी फायदा दुहेरी होता. मुलांना थोरांच्या खेळाचा वेग कळायचा आणि समोरच्या बाकावर बसलेल्या क्लबच्या प्रशिक्षकाला पोरगा दिसायचा. पुष्कळदा ज्या संघाकडून मार खाल्ला, त्याच संघाने पुढच्या हंगामात बोलावणे धाडले.

चार वर्षे पुरी झाली की रीतसर समारंभ होतो आणि तुकडी बाहेर पडते. येथून पुढचा रस्ता पूर्वी फार खडबडीत होता. कोलकात्यातील दलबदलाच्या हंगामात क्लबांचे पदाधिकारी खेळाडूंना हॉटेलात लपवून ठेवत आणि सहीच्या दिवशी मोटारीत घालून आणत, अशा गोष्टी त्या काळच्या वर्तमानपत्रांत भरपूर येत. अशा बाजारात एकट्या पडलेल्या खेडवळ मुलापेक्षा अकादमीचे नाव लागलेल्या मुलाची बाजू भक्कम असे. पुढे आंतरराष्ट्रीय नियम काटेकोर झाले. लेखी करार आणि खर्चाहून अधिक मोबदला असेल तरच खेळाडू व्यावसायिक गणला जातो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही. हे नियम आज कुमार खेळाडूच्या प्रत्येक पालकाला पाठ असायला हवेत.

बाहेर पडलेल्यांची वाटचाल

बंगळूरचा कार्लटन चॅपमन १९९० मध्ये अकादमीत आला आणि १९९३ मध्ये ईस्ट बंगालला गेला. त्याच वर्षी आशियाई कप विनर्स कपमध्ये इराकच्या अल झावरा संघाला ईस्ट बंगालने ६-२ असे हरवले. त्या सामन्यात चॅपमनची हॅटट्रिक होती. पुढे तो पंजाबच्या जेसीटीत गेला आणि १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या संघात विजयन व भूतिया या नामवंत आघाडीपटूंच्या जोडीने खेळला. त्यानंतर केरळच्या एफसी कोचीनकडून खेळून तो ईस्ट बंगालमध्ये परतला आणि २००१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली त्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकली. १९९७ मध्ये सॅफ करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघाचाही तो कर्णधार होता. खेळ थांबवल्यावर तो प्रशिक्षक म्हणून जमशेदपूरला आला. शिष्य गुरू होऊन परतल्याचे अकादमीच्या इतिहासातले हे ठळक उदाहरण.

नव्वदच्या दशकातल्या इतर तुकड्यांनीही नाव राखले. गोलरक्षक कल्याण चौबे कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडून खेळला आणि २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. त्या खुर्चीवर माजी खेळाडू बसण्याची ती पहिलीच वेळ. मणिपूरचा रेनेडी सिंग फ्री किकसाठी ओळखला गेला आणि भारताच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षे टिकला. गोव्याचा महेश गवळी आणि दीपक मंडल हे दोन बचावपटू २००३ मध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघात होते. अंतिम सामन्यात थायलंडच्या बेक तेरो सासनाला ३-१ ने हरवले, ते जकार्तात. चुनी गोस्वामी आणि पी. के. यांनी ४१ वर्षांपूर्वी सुवर्णपदक जिंकले ते शहर हेच. दीपक मंडलला २०१० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मिझोरामचा शायलो मालसॉमत्लुआंगा येथून ईस्ट बंगालमध्ये गेला. त्याच्यानंतर मिझोरामच्या मुलांना व्यावसायिक फुटबॉलची वाट नवखी राहिली नाही.

२००० नंतरच्या पिढीत सुब्रत पाल हे नाव अग्रभागी. २०११ मध्ये दोहा येथे २७ वर्षांनी भारत आशियाई चषकात उतरला तेव्हा गोलमध्ये तो उभा होता. भारत तिन्ही सामने हरला. तरी त्याच्या झेपांचे कोरियन पत्रकारांनीही कौतुक केले. २०१४ मध्ये त्याने डेन्मार्कच्या वेस्टशेलँड क्लबशी करार केला आणि २०१६ मध्ये तो अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला. त्याच आशियाई चषकात बहरीनविरुद्ध गोल करणारा गौरमांगी सिंग हाही अकादमीचा. २०१० मध्ये तो देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. पुढे रॉबिन सिंग, नारायण दास, प्रणय हलदर आणि २०१४ मध्ये बेंगळुरू एफसीत दाखल झालेला चपळ उदांता सिंग यांनी ही साखळी चालू ठेवली.

ही नावे पुढच्या रांगेतली. त्यांच्या मागे असे पुष्कळ कॅडेट आहेत की ज्यांनी भारताची जर्सी घातली नाही, पण फुटबॉलवर संसार चालवला. कोणी लीगच्या दुसऱ्या फळीत खेळले, कोणाला खेळाडू म्हणून नोकरी मिळाली, कोणी गावी प्रशिक्षक झाले. वर्तमानपत्रात नाव न आलेल्या या मुलांचाही संस्थेच्या यशात वाटा आहे, आणि त्याची नोंद राहणे उचित आहे.

बदलता काळ आणि घरचा संघ

अकादमी सुरू झाली तेव्हा देशात राष्ट्रीय लीगही नव्हती. ती १९९६ मध्ये आली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. क्लबांना स्वतःचे कुमार संघ ठेवण्याची सक्ती होऊ लागली. नव्या अकादम्या निघाल्या. जी संस्था एकेकाळी एकटी होती तिला आता गुणी मुलांसाठी इतरांशी स्पर्धा करावी लागली. चौदा वर्षांच्या मुलाचे पालक साहजिकच विचारू लागले की, शिकून झाल्यावर खेळणार कोणत्या संघात? ज्या अकादमीला क्लब जोडलेला आहे तिच्याकडे याचे सरळ उत्तर होते. जमशेदपूरकडे ते नव्हते.

उत्तर २०१७ मध्ये मिळाले. टाटा स्टीलने सुपर लीगमध्ये संघ घेतला आणि जमशेदपूर एफसीचा जन्म झाला. इंग्लंडचे स्टीव्ह कॉपेल पहिले प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात गोलरक्षक म्हणून सुब्रत पाल जमशेदपुरात परतला. २०१८ मध्ये स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदशी अकादमीने सहकार्य केले आणि प्रशिक्षणात स्पॅनिश पद्धत आली. २०२१-२२ मध्ये ओवेन कॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली जमशेदपूर एफसीने साखळीत पहिला क्रमांक मिळवून लीग शील्ड जिंकली. क्लबचा तो पहिला मोठा मान.

यामुळे संस्थेचे स्वरूप बदलले. पूर्वी कॅडेट स्टेशनवर जायचा तो दुसऱ्याचा होण्यासाठी. आता वसतिगृह, राखीव संघ आणि मुख्य संघ या पायऱ्या एकाच गावात आहेत. मात्र याबरोबर एक नवी कसोटीही आली आहे. सुपर लीगमधील क्लबला दर हंगामात निकाल हवा असतो आणि निकालाची घाई झाली की प्रशिक्षक अनुभवी परदेशी खेळाडूकडे वळतो. घरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मैदानावर किती मिनिटे मिळतात, यावरच या पुढच्या पर्वाचे मोजमाप होईल.

२०२० साल अकादमीला फार वाईट गेले. मार्चमध्ये पी. के. बॅनर्जी, एप्रिलमध्ये चुनी गोस्वामी आणि ऑक्टोबरमध्ये अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी कार्लटन चॅपमन गेले. पहिले संचालक, त्यांचे उत्तराधिकारी आणि दोघांच्या परंपरेतला नामवंत शिष्य, असे तिघेही एका वर्षात निघून गेले.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या दृष्टीने

या संस्थेकडे आपण परक्या नजरेने पाहण्याचे कारण नाही. जकार्ताच्या सुवर्णसंघातील मूळ गोव्याचे फॉर्च्युनाटो फ्रँको मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळलेले. महेश गवळी जमशेदपूरहून मोठा होऊन गोव्याच्या देम्पोकडे आला आणि नंतर राष्ट्रीय कुमार संघांना शिकवू लागला. गौरमांगीची उमेदीची वर्षे गोव्याच्या चर्चिल ब्रदर्समध्ये गेली. उलट दिशेने पाहिले तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे जमशेदपूर एफसीकडून उतरला.

पण आपल्याकडील चित्र एका बाबतीत बोचणारे आहे. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने कुमार खेळाडूंवर चांगले काम केले, पण २०१५ मध्ये तो क्लब मिटला. त्याची अकादमी घेणारा एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये आवरला. प्रत्येक वेळी मोठे खेळाडू दुसरीकडे गेले. पंधरा-सोळा वर्षांची पोरे मात्र अधांतरी राहिली. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशनची अकादमी २०१५ पासून चालू आहे आणि २०२० मध्ये तिच्या पहिल्या तुकडीतील मुलांना सुपर लीगच्या क्लबांनी करार दिले, ही जमेची बाजू. कोल्हापुरात तर तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. आवड आहे, मुले आहेत, प्रेक्षक आहेत. कमी आहे ती चिकाटीने चालणाऱ्या संस्थांची.

ताळेबंद

टाटा फुटबॉल अकादमीने भारताला विश्वचषकात नेले नाही. एका संस्थेकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तिने केले ते एवढेच की, ज्याला कोणी ओळखत नाही अशा मुलावर चार वर्षे खर्च करायचा आणि त्याचा मोबदला मागायचा नाही, हे व्रत तीन दशकांहून अधिक काळ मोडले नाही. अध्यक्ष बदलले, लीग बदलल्या, राज्याचे नावही बदलले. वसतिगृह बंद पडले नाही. भारतीय फुटबॉलमध्ये प्रतिभेपेक्षा हे सातत्य अधिक दुर्मीळ आहे.

महाराष्ट्रातील उद्योगसमूह, सहकारी कारखाने, शिक्षणसंस्था आणि जिल्हा संघटना यांना या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. स्पर्धेच्या बक्षिसाला लाखो रुपये देण्याआधी आपल्या गावातल्या वीस मुलांना चार वर्षे सांभाळण्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आणि एकदा हात घातला की पहिल्या तुकडीनंतर तो काढून घेऊ नये.